समुद्राकाठच्या बागेतली झाडं दर शिमग्याला का वाळतात?

तक्रार दरवर्षी एकच असते. जूनमध्ये नगरपरिषदेच्या बागेत, शाळेच्या आवारात किंवा किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत शंभर रोपं लावली. श्रावणात ती हिरवीगार होती, गणपतीत तर गावाला आलेले चाकरमानीही थांबून बघत होते. दिवाळीनंतर जरा मरगळली. आणि शिमग्याच्या पालख्या निघेपर्यंत निम्मी रोपं काटक्या होऊन उभी. मग माळ्याने पाणी घातलं नाही असं ठरतं, माळ्याला बोलणी बसतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी शंभर रोपं जातात.

मी दापोली तालुक्यात रोपवाटिका चालवते. असे फोन मला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतात, आणि वाळलेली झाडं बघायला मी स्वतः जाते, कारण त्यातली बरीच माझ्याकडूनच गेलेली असतात. इतकी वर्षं मेलेली रोपं उपटून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: शिमग्याला वाळलेलं झाड बहुतेक वेळा जुलैतच मेलेलं असतं. आपल्याला ते सात महिन्यांनी दिसतं, इतकंच. म्हणून फेब्रुवारीत टँकर मागवणं हा त्यावरचा उपाय होत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ती गत आहे.

हे कसं होतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल.

आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आणि डोंगरउतारावर मातीचा थर वीतभर, फार तर हातभर. खाली जांभा. त्यात पहारीने नाहीतर मशीनने दोन बाय दोन फुटांचा खड्डा काढला की त्याच्या चारही बाजू आणि तळ दगडाचे. तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी, आणि तिला खाली भोक नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला मोठा भाग जून-जुलैत. ती कुंडी आठ-आठ दिवस तुडुंब राहते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती मिळाली नाही की आधी बारीक पांढरी मुळं कुजतात, मग जाड. जिवंत राहतात ती फक्त वरच्या चार बोटांतली.

पण वर पान मात्र टवटवीत. आभाळ झाकलेलं, हवेत ओल, पानांतून बाष्प फारसं जात नाही, त्यामुळे तेवढ्या चार बोटांच्या मुळांवर झाडाचं भागतं. ऑक्टोबरच्या उन्हात पहिला झटका बसतो. थंडीत सकाळी वरून, पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो. जानेवारी संपेपर्यंत वरची चार बोटं माती पार सुकते, आणि ओल जिथे शिल्लक असते तिथे पोहोचायला झाडाकडे मूळच नसतं. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. खरं तर पाणी जास्त झालं, ते जुलैत.

एका बागेत मला हे तिथल्या माळीमामांनी शिकवलं. मी मातीचा नमुना घेत होते. त्यांनी पहार टाकून मेलेलं रोप मुळासकट वर काढलं, खड्ड्याच्या गुळगुळीत भिंतीवर पहार वाजवून दाखवली आणि म्हणाले, "ताय, ह्यो खड्डा न्हाय, हौद हाय." मुळं पिशवीच्या आकारातच गोल वळून काळी पडली होती. लावल्यापासून ती पिशवीबाहेर आलीच नव्हती.

तर पहिली तपासणी ही. मेलेलं रोप फेकू नका, ते उपटून मूळ बघा आणि वासही घ्या. काळं, बोटात चिरडणारं, गटारासारखा वास येणारं मूळ म्हणजे पाणी साचलं होतं. तपकिरी पण कडक, कोरडं, बोटांत कडकन मोडणारं मूळ म्हणजे खरंच तहानेने गेलं. मूळ दिसायला ठीक, पण पानांच्या कडा आणि टोकं भाजल्यासारखी, देठाकडचा भाग हिरवा, तर मिठाचा संशय घ्या. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. भाजलेल्या कडा बघून कोणी पाणी वाढवतं, आणि ते पाणीच मचूळ असतं.

मूळ काळं निघालं तर त्याच खड्ड्यात बादलीची परीक्षा घ्या. खड्डा रिकामा करा, काठोकाठ पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा, कारण पहिलं पाणी कोरडी भिंत पिऊन टाकते आणि आपली फसगत होते. दुसरं पाणी संध्याकाळी भरून घरी जा. सकाळी तळाला पाणी दिसलं तर तिथे आहे त्या स्थितीत जूनमध्ये काहीही लावू नका.

मग करायचं काय? उतार असेल तर खड्ड्याच्या खालच्या अंगाला तळापर्यंत एक चर फोडायचा, वीतभर रुंद पुरतो. त्यात जाड मुरूम भरायचा आणि त्याचं तोंड उतारावर उघडं ठेवायचं. जमीन सपाट असेल तर खोल जाण्याचा हट्ट सोडायचा. कातळ फक्त फोडून भेगा मोकळ्या करायच्या आणि वर दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावायचं. कडेला चिऱ्यांचा एक थर रचला तर माती वाहून जात नाही. आपल्याकडे गडगा घालणारी माणसं अजून आहेत, त्यांना हे सांगावंही लागत नाही. खड्ड्याच्या भिंती पहारीने खडबडीत करा. मशीनच्या दात्याने घोटलेल्या भिंतीत मूळ शिरत नाही.

खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी टाकली की निचरा होतो, हा समज मात्र सोडून द्या. पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर खडीच्या फटींतही पाणीच उभं राहतं. उलट वरची बारीक माती खडीला लागते तिथे पाणी आणखी अडतं, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. मी स्वतः कितीतरी वर्षं लोकांना खडी टाकायला सांगत होते. ते चुकीचं होतं.

आता फरसबंदी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बागांचं सुशोभीकरण झालं तिथे बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आले. वाटेचा उतार झाडाच्या आळ्याकडे असेल तर गणित करून बघा. दहा चौरस मीटर फरशी आणि शंभर मिलिमीटर पावसाचा एक दिवस म्हणजे हजार लिटर पाणी एका आळ्यात. असे दिवस आपल्याला नवे नाहीत. पण तोच महिन्याचा पाऊस आता मध्येच दडी मारतो आणि मग दोन-तीन दिवसांत कोसळतो, हे शेतात राबणारा कोणीही सांगेल. चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी त्याचं सगळ्यात भयंकर रूप पाहिलं. बागेच्या बाबतीत अर्थ एवढाच की निचऱ्याची वाट सरासरी पावसाच्या हिशेबाने ठेवून चालत नाही. बुंध्याभोवती निदान तीन फूट फरशी काढा, आणि वाटेवरचं पाणी आळ्यात न सोडता बाजूच्या चरात न्या.

दुसरं कारण मीठ. ते दोन वाटांनी येतं, आणि दोन्ही वेगळ्या ओळखता येतात.

पाण्यातून येणारं मीठ सगळ्या बाजूंच्या पानांवर सारखं दिसतं, आणि जुनी पानं आधी भाजतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरी आणि बोअर मार्चनंतर मचूळ होतात. उपसा वाढतो, गोड्या पाण्याचा दाब कमी होतो आणि खालचं खारं पाणी वर सरकतं. घरच्या फिल्टरसाठी लोक टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं छोटं यंत्र घेतात, तेच बागेला वापरा. लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त घाला. २००० च्या वर गेलं तर बहुतेक झाडांना ते पाणी घालू नका. मधल्या पट्ट्यात असेल तर थोडं-थोडं रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदाच भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. रोज शिंपडलं की पाणी उडून जातं आणि मीठ वरच्या थरात साचत राहतं. पानांवर तर मचूळ पाणी कधीच मारू नका. हा आकडा जानेवारीत एकदा मोजून भागत नाही. दर पंधरा दिवसांनी मोजून पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. बदल कोणत्या महिन्यात होतो ते दोन वर्षांत कळतं आणि टँकरचा खर्च नेमक्या त्या दिवसांवर करता येतो.

पावसाळ्यात हे मीठ धुऊन जातं, ही आपल्या भागाची मोठी कृपा. पण बंद खड्ड्यातून ते जात नाही. म्हणून निचरा आधी, पाणी नंतर. आणखी एक, कोकोपीट स्वस्तात मिळतं म्हणून तसंच भरू नका. न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असतं, गोड्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या.

वाऱ्यातून येणारं मीठ फक्त समुद्राकडच्या अंगाला दिसतं. झाडाच्या पश्चिमेकडची पानं करपलेली आणि पूर्वेकडची ठीक असतील तर मुळं उकरत बसू नका. जुलैतल्या वाऱ्यातही खार असतो, पण सोबतचा पाऊस पानं धुतो. घातक असतात ते मे महिन्यातले कोरडे झोत, आणि वादळ येऊन गेल्यावर पाऊस थांबला तर ते दिवस. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आलं त्यानंतर, आणि तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाही, झाडंच्या झाडं एका बाजूने विस्तवाने भाजल्यासारखी झालेली मी पाहिली. तेव्हा अनेकांनी ती मेली म्हणून तोडली. तशी घाई करू नका. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. वादळानंतर चोवीस तासांत गोडं पाणी मिळालं तर रोपांची पानं धुवा आणि छाटणी नवी पालवी दिसेपर्यंत थांबवा.

वारा अडवायला भिंत बांधू नका. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन आपटतो. निम्मा वारा जाऊ देणारी कूड लागते. पहिली दोन वर्षं शेडनेट किंवा झावळ्यांचा ताटवा, आणि कायमची म्हणून झाडांचीच रांग. चांगली दाट रांग आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. ही रांग कशाची असावी हे आपल्या जुन्या वाड्यांकडे बघून कळतं. पुळणीवर मर्यादवेल, मग केवडा, मग उंडी, भेंडी, करंज. उंडीचं पान जाड, चकचकीत, खारा वारा अंगावर घेणारं. तिचं तेल पूर्वी दिव्याला जळायचं, लाकूड होडीला जायचं, म्हणून दर्यावर्दी गावांनी ती राखली. तेलाची गरज संपली आणि रांग तुटली.

सुरूच्या झाडाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. तो पटकन वाढतो आणि वाळूत टिकतो, हे खरं. पण दिवेआगर-श्रीवर्धनकडची सुरूची बनं निसर्गमध्ये कशी आडवी झाली ते ज्यांनी पाहिलं त्यांनी तरी एकट्या सुरूवर भिस्त ठेवू नये. एकाच जातीची, एकाच वयाची, एकाच उंचीची झाडं एकाच झोतात जातात. सुरू पुढे ठेवा, पण त्याच्या सावलीत पहिल्याच वर्षी उंडी आणि भेंडी घाला. बागेच्या आत, आडोशाला बकुळ, ताम्हण, सातवीण, जांभूळ, रातांबा बिनधास्त लावा. गुलमोहर आणि सोनमोहर वाटेलगत नकोत. फांदी ठिसूळ, पसारा मोठा, आणि ऐन आगोटीच्या, पावसाच्या तोंडावरच्या वाऱ्यात ती डोक्यावर येते.

तिसरं कारण तारीख. ५ जूनला पर्यावरण दिन, ७ जूनच्या आसपास मृग, १ जुलैपासून वनमहोत्सव. लागवड या तारखांना बांधलेली असते. २०२३ साली मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला, मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. त्या दोन आठवड्यांत उत्तरेकडे लावलेली रोपं उन्हात तडफडली. २०२५ साली उलट झालं. तो २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. खड्डे काढायचे राहिले आणि कामं चिखलात उरकली. म्हणून खड्डे आणि चर एप्रिलमध्येच तयार ठेवा, आणि लागवडीचा दिवस पंचांगावर न ठरवता मातीवर ठरवा. पहार घुसवून बघा. हातभर ओल गेली असेल आणि पुढचे चार दिवस पावसाचा अंदाज असेल तर लावा. ज्या जागी पाणी साचतं आणि दुरुस्ती अजून झालेली नाही, पण उन्हाळ्यात गोड्या पाण्याची खात्री आहे, तिथे मी भाद्रपदात लावायला सांगते. पावसाचा मुख्य जोर ओसरलेला असतो आणि मुळं बुडत नाहीत. पाहुणे बोलावून केलेल्या कार्यक्रमाला हे जमत नाही, पण झाडाला जमतं.

उन्हाळाही आता मार्चची वाट बघत नाही. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२५, दोन्ही वेळा कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे निघाले. किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला की हवामान खातं लाट धरतं. तोवर पाण्याची तयारी नसेल तर उशीर झालेला असतो. नवरात्र संपलं की आळी नीट करा. पहिल्या वर्षीच्या रोपाला चार दिवसांनी पंधरा-वीस लिटर, सावकाश. रोपाशेजारी बिनगिलाव्याचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहिलात तर एवढंही लागत नाही. आळ्यात नारळाची सोडणं पालथी मांडा, वर पालापाचोळा. बुंध्यापासून मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा. पावसाळा लागताच हे आच्छादन बाजूला ओढा, नाहीतर पुन्हा तोच हौद. आणि बागेच्या कोपऱ्यात रोज सकाळी पाला पेटवायची सवय असेल तर ती आधी थांबवा. उन्हाळ्यात लागणारं आच्छादन तुम्ही तिथे जाळताय.

हिरवळीबद्दल थोडक्यात. विकतचे गालिचे आपल्या पावसात शेवाळतात आणि एप्रिलमध्ये वाळतात. उघड्या उन्हात हरळी वाढू द्या, ती खार आणि ताण दोन्ही सोसते. सावलीत गवताचा नादच सोडा आणि पाला पडू द्या.

मोठ्या झाडांचं निदान वेगळं आहे. वाऱ्याच्या बाजूला बुंध्याजवळ जमिनीला चीर गेली असेल, माती फुगली असेल, बुंध्यावर टणक भूछत्रं आली असतील, किंवा गटार-पाइपलाइनच्या चराने एका अंगाची मुळं तोडली असतील तर मे महिन्याआधी जाणकाराला दाखवा. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूने छाटलेलं झाड दुसऱ्या बाजूला कलतं, त्याचा तोल सावरणारी छाटणी लागते. परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष ठरली आहेत, त्यामुळे अर्ज जानेवारीतच द्या. वादळात पडलेल्या माडांची खोडं बागेत कुजत ठेवू नका. गेंडा भुंगा त्यात आणि शेणखताच्या ढिगात वाढतो आणि उरलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. त्याने केलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा येतो, आणि सोंड्या लागलेला माड क्वचितच वाचतो.

हे सगळं एका वर्षात होत नाही. शंभर खड्ड्यांची दुरुस्ती जमणार नसेल तर वीस निवडा, आणि त्या वर्षी वीसच रोपं लावा. प्रत्येक खड्ड्याला चिऱ्यावर रंगाने नंबर टाका. वहीत चार गोष्टी लिहा: बादलीतलं पाणी किती वेळात जिरलं, रोप कोणत्या तारखेला लावलं, जुलैअखेर खड्ड्यात पाणी उभं होतं का, आणि मेलं असेल तर मूळ काळं होतं की कडक. वही माळ्याच्या हाती द्या आणि जुलैची नोंद करायला भर पावसात तुम्हीही त्यांच्याबरोबर बागेत जा. छत्री घेऊन उभं राहिलं की पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते अर्ध्या तासात दिसतं.